खिळ्यांनी भरलेला पेला

नाशिकच्या कॉलेज रोडला अलीकडेच उघडलेल्या एका हॉटेलात भिंतभर जुन्या युरोपियन जाहिरातींच्या फ्रेमा लावल्या आहेत. आमच्या टेबलासमोरच मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीच्या टायरमाणसाचं ते पहिलं पोस्टर होतं. टायरांच्या वळ्यांनी बनलेला गलेलठ्ठ पांढरा माणूस, नाकावर चिमट्याचा चष्मा, हातात उंच धरलेला पेला. शेजारच्या टेबलावरचा सात-आठ वर्षांचा मुलगा बराच वेळ त्याच्याकडे टक लावून बसला होता. मग त्यानं विचारलं, "पप्पा, हा काय पितोय?" पप्पांनी मेनूकार्डातून डोकं वर न काढता सांगितलं, "बर्फ असेल रे." मुलगा म्हणाला, "बर्फ असा टोचरा नसतो." तेवढ्यात त्यांचं जेवण आलं आणि विषय तिथेच थांबला.

मुलाचं बरोबर होतं. त्या पेल्यात खिळे आहेत आणि काचांचे तुकडे.

घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. फ्रेम करताना कुणीतरी चित्राची खालची पट्टी कापून टाकली होती, आणि नेमकं तिथेच लिहिलेलं असतं की मिशलिनचा टायर अडथळा पिऊन टाकतो. ती ओळ गेली की उरतो नुसता एक गमतीदार लठ्ठ माणूस. जुन्या मोटार-पोस्टरांचं असंच होत आलंय. ती हॉटेलांच्या भिंतींवर गेली, चहाच्या मगांवर गेली, उशांच्या अभ्र्यांवर गेली. ती कशासाठी छापली होती, कुणाला काय समजवायला छापली होती, ते मात्र वाटेत गळून पडलं. मला ही पोस्टरं मनापासून आवडतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे नुसतं 'किती छान जुनं दिसतं' म्हणून पाहिलं जातं तेव्हा आत काहीतरी खुपतं. त्या मुलाचा प्रश्न हाच त्या चित्राचा खरा प्रश्न होता. हा काय पितोय?

चित्र १८९८ सालचं. काढणाऱ्याचं नाव मारियुस रोसियों, सही करायचा 'ओ'गालो' अशी. त्यानं आधी म्युनिकच्या एका बिअरवाल्यांसाठी चित्र केलं होतं, बिअरचा भलामोठा पेला उंचावलेला एक धिप्पाड राजा. त्यांना ते पसंत पडलं नाही. ते आंद्रे मिशलिनच्या नजरेला पडलं आणि त्याला भावाचं एक जुनं बोलणं आठवलं. १८९४ मध्ये लियोंच्या प्रदर्शनात मिशलिनच्या मांडवात टायरांची चळत रचली होती आणि ती बघून एदुआर म्हणाला होता की याला हात लावले तर माणूस होईल. मग राजाच्या जागी टायरचा माणूस आला आणि बिअरच्या जागी खिळे. वरचं लॅटिन वाक्य तेवढं तसंच राहिलं, 'नुन्क एस्त बिबेन्दुम', म्हणजे 'आता प्यायला हवं', रोमन कवी होरेसचं. त्यातलाच 'बिबेन्दुम' पुढे या टायरच्या माणसाचं नाव झालं. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या कंपन्यांचे टायर बसलेत, हवा गेलेले, सुरकुतलेले, त्या पेल्याकडे बघत. मला या चित्रात सगळ्यात जास्त आवडतो तो त्याचा उभं राहायचा आव. पाहुणेमंडळी जमलीत, यजमान उठलाय, आणि तो आता खरोखरच खिळे गिळणार आहे.

हे खिळे आले कुठून? बरेचसे घोड्यांच्या नालांमधून. १८९८ चा रस्ता घोड्यांचा होता. नाल सैल झाला की त्याचा खिळा रस्त्यात पडायचा, मजुरांच्या आणि शेतकऱ्यांच्या बुटांच्या तळव्यांनाही लोखंडी खिळे असायचे, तेही गळायचे. बैलगाडीच्या धावेला किंवा बग्गीच्या चाकाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. हवा भरलेल्या रबराला मात्र त्यातला एकेक खिळा पुरेसा होता. म्हणजे मोटार ज्या घोड्याला रस्त्यावरून हटवायला निघाली होती, तोच घोडा मागे खिळे टाकत तिच्या पुढे चालला होता. हे कळल्यापासून त्या पेल्याकडे बघताना मला त्यात एक अख्खा रस्ता दिसतो. टापांचा, लिदीचा, धुळीचा, चाबकांच्या आवाजाचा. ओ'गालोनं तो सगळा रस्ता एका पेल्यात भरून ठेवला.

आणि त्या काळच्या मोटारवाल्याची धास्ती खोटी नव्हती. १८९५ मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी शर्यत झाली, जवळजवळ १,१७८ किलोमीटरची. सगळ्यांच्या आधी पोचला एमिल लव्हासोर, ४८ तास ४८ मिनिटांत, भरीव रबराच्या चाकांवर. हवेच्या टायरांवर मोटार चालवायला कुणी तयार होईना, म्हणून मिशलिन बंधूंनी स्वतःच 'लेक्लेर' नावाची गाडी उतरवली. ती पंक्चर काढत, ट्यूबा बदलत, पुन्हा पंक्चर काढत कशीबशी पोचली. त्या काळात चाक गाडीवरून काढून दुसरं बसवायची सोय नव्हती. रस्त्याच्या कडेला बसायचं, टायर रिमवरून उपसून काढायचा, ट्यूब बदलायची, पंपानं हवा भरायची, बोटं सोलपटून घ्यायची. तीनच वर्षांनी हेच लोक भिंतीवर लिहितात की आमचा टायर खिळे पितो. यात बढाई आहे, पण तिच्याखाली रस्त्याच्या कडेला बसून काढलेल्या रात्री आहेत. बाकी तो माणूस पांढरा का, याचं उत्तर साधं आहे. तेव्हाचे टायरच पांढुरके असत. रबरात काजळी मिसळून ते काळे आणि टिकाऊ करण्याची पद्धत पुढे, १९१० नंतरच्या वर्षांत रुळली.

मला हे सगळं कळायला सोपं गेलं ते बाबांच्या दुकानामुळे. नाशिकातल्या द्वारका चौकाच्या बाजूला बाबांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. शाळेतून सुटल्यावर मी तिथे काउंटरमागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. नव्या रबराचा वास, ग्रीसचा वास, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास, आणि दुपारी शटर अर्धं ओढलं की त्या सगळ्यावर चढणारी ऊब. भिंतीवर पत्र्याच्या पाट्या. टायर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरणारा एमआरएफचा पैलवान, सिएटचा गेंडा, देवादिकांची कॅलेंडरं, आणि त्या देवांच्या पायाशी ऑइल कंपनीचं नाव. गिऱ्हाईक यायचं ते कधी नुसती वस्तू मागायला येत नसे. काळजी घेऊन यायचं. "शेठ, चढावर गाडी दम टाकते." "चालता चालता गपकन बंद पडते." कसाऱ्याच्या घाटात रात्री गाडी बंद पडल्याची गोष्ट सांगताना माणसाचा आवाज बदलतो, ते मी तिथे ऐकलं. ट्रकवाले लिंबू-मिरची बदलायला विसरत नसत आणि दसऱ्याला नवं लिंबू चाकाखाली चिरडल्याशिवाय गाडी हलत नसे. बाबा यातल्या कशालाच हसले नाहीत. ते म्हणायचे, गाडीत जे बिघडतं ते बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून माणूस घाबरतो.

बाबांचं हे वाक्य मला आता या पोस्टरांसमोर आठवतं, कारण माझ्या मते मोटारीच्या पहिल्या तीस वर्षांतली खरी थोर पोस्टरं मोटारीची नाहीतच. ती टायरात कोंडलेल्या हवेची आहेत, सिलिंडरच्या आत उडणाऱ्या ठिणगीची आहेत. जे दिसत नाही, आणि ज्याच्या भरवशावर तुम्ही घरापासून पन्नास मैल लांब आला आहात, त्याला आकार द्यायचं काम त्या चित्रकारांकडे आलं होतं. असं काम त्याआधी चित्रकाराला फारसं कुणी सांगितलं नव्हतं.

अख्ख्या मोटारीची पोस्टरंही ढिगानं निघाली. १९०३ मध्ये जगात बनलेल्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या फ्रान्सच्या होत्या, आणि प्रत्येक कारखान्याला भिंतीवर जागा हवी होती. त्यातली पुष्कळशी एकाच साच्यातली. वळणदार रस्ता, फुलांची नक्षी, वाऱ्यावर उडणारा लांबच लांब स्कार्फ आणि स्टिअरिंगवर किंवा शेजारी एक सुंदर बाई. रंग सुरेख, रेषा सुरेख, पण त्यांच्याशी माझं काही जमत नाही. तिथे मोटार म्हणजे एक दागिना आहे आणि बाई म्हणजे दुसरा. खरी बाई त्या दिवसांत काय करत होती? डचेस द'उझेस या बाईंनी १८९८ मध्ये गाडी चालवायचा परवाना मिळवला, फ्रान्समधल्या अशा पहिल्या बाई, आणि त्याच वर्षी बुलोन्यच्या बागेत ताशी १२ किलोमीटरची मर्यादा मोडून १५ नं गेल्याबद्दल दंडही भरला. स्कार्फवाल्या बायकांच्या चेहऱ्यावर असं काही करू शकण्याची खूण मला कुठे सापडत नाही. खिळे गिळणारा तो टायरचा माणूस त्यांच्यापेक्षा जास्त जिवंत आहे.

ही चित्रं जवळून बघायला लागलं की चित्राआधी दगड दिसायला लागतो. पोस्टर छापलं जायचं दगडावरून. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा दगड, घासून घासून जुन्या पाट्यासारखा गुळगुळीत केलेला. त्यावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं, उलटं. मग डिंकाच्या पाण्यात जरासं आम्ल घालून ते फिरवायचं. त्यानंतर दगडाला पाणी लावलं की मोकळा दगड ते धरून ठेवतो आणि तेलकट रेषा ते झटकून टाकते. वरून शाईचा रूळ फिरवला की उलटं होतं. ओला दगड शाई नाकारतो, तेलकट रेषा ती घेते. आलोइस झेनेफेल्डरला अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत सुचलेली ही युक्ती, तेल आणि पाण्याचं जमत नाही एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. कागद प्रत्येक वेळी त्याच जागी केसभरही न हलता बसला पाहिजे, नाहीतर ओठांचा लाल रंग गालावर जातो. मोठ्या पोस्टराचा दगड एकट्या माणसाला हलवता येत नसे. पॅरिसमध्ये ज्यूल शेरे यानं या ओबडधोबड कामातून पारदर्शक, तरंगते रंग काढून दाखवले आणि त्याच्यामागून सगळे आले. शेरे स्वतः दगडावर काढायचा. पुष्कळ ठिकाणी मात्र चित्रकार कागदावर रंगवून द्यायचा आणि ते दगडावर उतरवणारा, कुठला रंग कुठल्या दगडावर जाईल ते ठरवणारा कारागीर वेगळा असायचा. त्याची सही नसे.

हा दगड आपल्याकडेही तेव्हाच आला. राजा रवि वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे घाटावर मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही सुरुवातीला जर्मनीचे. म्हणजे क्लेर्माँ-फेराँच्या टायर कारखान्याचा बिबेन्दुम ज्या वर्षांत दगडावर चढला, त्याच वर्षांत, त्याच पद्धतीनं, आपल्याकडे लक्ष्मी आणि सरस्वती दगडावर चढत होत्या. आमच्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके याच छापखान्यासाठी काम करत होते आणि स्वतःचा छापखाना काढल्यावर १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. सिनेमा त्यांच्या आयुष्यात त्यानंतर आला. तिकडे दगड टायर विकत होता, इकडे देव घरोघरी पोचवत होता. नंतरच्या काळात देवांच्या त्या चित्रांखाली तेल, काड्यापेट्या आणि बाळाचं अन्न विकणाऱ्यांची नावं आली, आणि बाबांच्या दुकानातली कॅलेंडरं त्याच वंशातली.

म्हणून कापून टाकलेल्या त्या खालच्या पट्टीचं मला इतकं लागतं. फ्रेंच पोस्टरांच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो. एखाद्या कोपऱ्यात सरकारी कराचा शिक्का असतो, कारण फ्रान्समध्ये भिंतीवर लावायच्या प्रत्येक पोस्टरावर आकाराप्रमाणे मुद्रांक भरावा लागे. पांढऱ्या कागदावर काळी छपाई सरकारी नोटिसांसाठी राखीव होती, बाकीच्यांनी रंगीत व्हायचं. २९ जुलै १८८१ चा कायदा आला, त्यानं छपाई मोकळी केली आणि भिंतींचेही नियम घालून दिले. पॅरिसच्या जुन्या इमारतींवर 'येथे पोस्टर लावू नये' या सूचनेसोबत त्या कायद्याची तारीख अजून वाचता येते. पोस्टर म्हणजे कागद, कर, खळीची बादली, शिडी आणि पहाटे ती घेऊन फिरणारा माणूस. शौकीन लोक खळ ओली असतानाच ती भिंतीवरून सोलून घरी न्यायचे. प्रकाशकांना तो धंदा दिसला आणि १८९५ ते १९०० या काळात चांगल्या पोस्टरांच्या छोट्या प्रतींची मालिकाच निघाली, २५६ चित्रांची. कला म्हणून त्यांचं नाव तेव्हाच झालं होतं, लावलेल्या जागेवरून उखडली जात असतानाच.

पण कितीही खालची पट्टी वाचली तरी एक गोष्ट कुठल्याच पोस्टरावर सापडत नाही, आणि बिबेन्दुमकडे मी जितकी जास्त बघते तितकी तीच जाणवत राहते. हे रबर आलं कुठून? १८९८ मध्ये जगाचं रबर मुख्यतः अॅमेझॉनच्या आणि काँगोच्या जंगलांतून येत होतं. सायकलीला आणि मग मोटारीला हवेचे टायर लागायला लागले तसा भाव चढत गेला. काँगो तेव्हा बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खाजगी मालमत्ता होती. ठरल्यापेक्षा कमी रबर आणणाऱ्या गावांवर सैनिक सोडले जात, बायकांना ओलीस धरलं जाई, आणि तोडलेल्या हातांच्या माणसांची छायाचित्रं पुढे जगभर फिरली तेव्हा कुठे १९०८ मध्ये तो प्रदेश राजाकडून काढून घेतला गेला. त्या एका पोस्टरातलं रबर कुठल्या झाडाचं होतं ते सांगता येणार नाही, आणि ते चित्रकाराला विचारण्यातही अर्थ नाही. तरी तो गुबगुबीत, आनंदी, पोटभर हवा भरलेला देह आणि ती छायाचित्रं एकाच वेळी डोळ्यांसमोर आली की दोन्हींतलं एकही मला मिटवता येत नाही. चित्र मला तरीही आवडतं. त्या आवडीसकट ही माहिती सांभाळावी लागते.

हवेनंतर ठिणगी. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत पेट्रोल पेटवायला एक नळी बर्नरच्या उघड्या ज्योतीनं लालबुंद तापवून ठेवत. शेजारी पेट्रोल, खाली उघडी ज्योत, वर माणसं. १९०२ मध्ये श्टुटगार्टला रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं उच्च दाबाचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र, आणि स्पार्क प्लग यांची जोडी जमवली, आणि ती ज्योत हळूहळू विझली. आता हे लोकांना सांगायचं कसं? ठिणगी तर इंजिनाच्या पोटात. बॉशला उत्तर सापडलं कामिय जेनात्सी या बेल्जियन शर्यतवाल्यात. १८९९ मध्ये विजेवर चालणारी, तोफगोळ्याच्या आकाराची गाडी घेऊन ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाणारा पहिला माणूस तोच. १९०३ मध्ये आयर्लंडमधली गॉर्डन बेनेट शर्यत त्यानं मर्सिडीजमधून जिंकली. तांबडी दाढी आणि बेफाम चालवणं, त्यामुळे लोक त्याला 'लाल सैतान' म्हणत. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि बर्लिनला काम करणाऱ्या यूलियुस क्लिंगरनं त्याच्यावरून बॉशसाठी एक मेफिस्टो, म्हणजे सैतान, काढला. लालभडक, टोकदार दाढीचा, डोळ्यांवर शर्यतीचा चष्मा. आगीशी खेळणारा, आणि म्हणून आग ज्याचं ऐकते असा. जेनात्सी शर्यतीत मेला नाही. १९१३ च्या डिसेंबरात शिकारीला गेला असताना झुडपामागे लपून मित्रांना फसवायला जनावराचा आवाज काढला, एकानं खरं समजून गोळी झाडली.

तो सैतान १९१८ पर्यंत बॉशचं काम करत होता. मग कंपनीनं त्याला निरोप दिला आणि वर्तुळातली एक साधी आकृती घेतली, मॅग्नेटोच्या आर्मेचरचा, म्हणजे त्यातल्या वेटोळ्याच्या गाभ्याचा, आडवा छेद. काढली होती होनोल्डनंच. सैतानाच्या जागी इंजिनिअरची रेषा. नाशिककरांनी ती आकृती रोज पाहिलेली आहे. त्र्यंबक रोडनं सातपूरकडे जाताना आमच्याकडे अजून सगळे 'मायको'च म्हणतात त्या बॉशच्या कारखान्याच्या नावाशेजारी तीच आहे. तिथे काम डिझेल इंजिनांच्या भागांचं चालतं, आणि डिझेलला ठिणगी लागत नाही. तरी फाटकावर चिन्ह मात्र ठिणगी तयार करणाऱ्या यंत्राचं.

क्लिंगरच्या सैतानापेक्षाही मला जास्त धरून ठेवतं ते लुसियन बर्नहार्डचं १९१४ चं पोस्टर. बर्नहार्डनं १९०६ मध्ये बर्लिनच्या एका काड्यापेट्यांच्या स्पर्धेसाठी चित्र काढलं होतं. त्यात आधी टेबल होतं, ॲश ट्रे होता, सिगार होती, धुरात नाचणाऱ्या बायकाही होत्या म्हणतात. एकेक करून त्यानं सगळं पुसलं. उरल्या दोन काड्या आणि कंपनीचं नाव. परीक्षकांनी ते टाकून दिलं होतं, एकानं उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं, आणि तिथून जर्मन पोस्टरांना नवीन वळण लागलं, वस्तू आणि नाव, बाकी काही नाही. बॉशसाठीही त्यानं तेच केलं. एक प्रचंड मोठा स्पार्क प्लग, त्याच्या टोकाशी फुटलेली पिवळी-तांबडी ठिणगी आणि पाच रोमन अक्षरांचं नाव. माणूस नाही, मोटार नाही, रस्ता नाही. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थेट दुकानातला काउंटर दिसला. गॅप मोजायची पात्यांची जुडी, काचकागदाचा तुकडा, आणि प्लगचं टोक उजेडाकडे धरून बघणारे बाबा. टोक विटकरी असेल तर इंजिन खूश, काळं मखमली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडलं असेल तर इंजिन तापतंय. एवढ्याशा टोकावरून ते गाडीची तब्येत सांगायचे. बर्नहार्डनं तेवढंच टोक घेतलं आणि भिंतीएवढं केलं.

या माणसांचं पुढे काय झालं ते वाचल्यापासून ही चित्रं मला नुसती देखणी वाटेनाशी झाली. बर्नहार्ड १९२० च्या दशकात न्यूयॉर्कला निघून गेला. म्युनिकचा लुडविग होल्वाइन, मोटारींपासून कॉफीपर्यंत सगळ्याची अप्रतिम पोस्टरं करणारा, पुढे नाझींची पोस्टरं करू लागला, त्याच सपाट झळझळीत रंगांत. क्लिंगर ज्यू होता. १९४२ मध्ये त्याला बायकोसह व्हिएन्नातून मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला नेण्यात आलं आणि तिथे मारण्यात आलं. आणि या सगळ्यांची पोस्टरं शाळकरी वयापासून जमवणारा बर्लिनचा दंतवैद्य हान्स झाक्स. त्यानं पोस्टरप्रेमींची संघटना काढली, 'दास प्लाकाट' हे मासिक चालवलं, १२,५०० पोस्टरं साठवली. १९३८ मध्ये गेस्टापोनं, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, सगळी उचलून नेली, झाक्सला छळछावणीत टाकलं. तो सुटून अमेरिकेला गेला. युद्धानंतर त्याला वाटलं संग्रह नष्ट झाला, नुकसानभरपाईही घेतली. काही वर्षांनी कळलं की काही हजार पोस्टरं पूर्व बर्लिनच्या संग्रहालयात शाबूत आहेत. १९७४ मध्ये तो वारला तोवर त्यांतलं एकही त्याच्या हाती आलं नव्हतं. २०१२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं चार हजारांवर पोस्टरं त्याच्या मुलाला परत द्यायला लावली आणि ती लिलावात जगभर पांगली. मुलानं ती एकत्र ठेवायला हवी होती असं काही लोक म्हणाले. मला तसं म्हणवत नाही. ज्याच्या घरातून गाडी भरून नेली, त्यानं परत आलेल्या वस्तूचं काय करावं ते आपण सांगू नये. पण एखाद्या दिवाणखान्यात यांतलं एखादं चित्र फ्रेममध्ये असेल, तर त्याच्या मागच्या बाजूला झाक्सच्या संग्रहाचा शिक्का आहे का हे मी आधी बघेन.

मध्यंतरी बाबांना बर्नहार्डचं ते पोस्टर मोठ्या पडद्यावर दाखवलं. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालंय. त्यांनी चष्मा वर सरकवला, पुढे वाकले, प्लगचे आटे बघितले, पोर्सेलिनवरचा उजेड बघितला. "काम चांगलं केलंय," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण ठिणगी चुकली. पिवळी ठिणगी म्हणजे करंट कमी. निळी पाहिजे, कडक, टिक टिक वाजणारी. असली ठिणगी घेऊन गाडी घाट चढायची नाही." मी म्हटलं, "बाबा, निळी काढली असती तर लांबून थंड दिसली असती. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत आग आहे हे कसं कळणार?" ते म्हणाले, "अगं, रस्त्यावरून जाणाऱ्याचं सोड. ज्याला प्लग घ्यायचाय त्याला कळायला हवं ना." आमचा हा वाद त्या दिवशी जेवणापर्यंत चालला. माझं म्हणणं त्यांना पटलेलं नाही. परवा फोनवर त्यांनी पुन्हा विचारलं की त्या जर्मनानं दुसऱ्या कुठल्या चित्रात निळी ठिणगी काढली आहे का, ते शोधून ठेव.